डाव्या बाजूचा ब्रेक

दर रविवारी सकाळी मी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी धुतो. सीट सरकवली की खालून काय काय निघतं! केसांचा चाप, चष्म्याची डबी, अर्धवट खाल्लेलं बिस्कीट, एकदा तर चक्क कवळी. ज्याची त्याची वस्तू कागदाच्या पुडीत बांधून मी ऑफिसच्या टेबलावर ठेवतो. माणसं येऊन घेऊन जातात. कवळीवालेसुद्धा आले होते, तोंडावर रुमाल धरून. किस्से मात्र कोणी परत न्यायला येत नाही. ते माझ्याकडंच राहिले. अठरा वर्षांचे साठलेत. मी फार बोलणारा माणूस नाही, पण गाडी वाळायला वेळ लागतो, तोवर थोडे सांगतो.

आधी माझी जागा सांगतो. मी मूळचा जेऊरचा. शाळा पाचवीपर्यंत. बावीस वर्षं ट्रक चालवला, मग डोळे थकले म्हणून लांबचे रस्ते सोडले आणि सोलापुरात या स्कूलवर शिकवायला लागलो. सुरुवातीला पोरं "सर" म्हणायची, तर मी मागं वळून बघायचो, कोण सर आले म्हणून! शेवटी सगळ्यांनी मामा करून टाकलं.

माझी सीट डावीकडची. शिकणारा चाकापाशी बसतो, पण माझ्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दोन्हीकडचे ब्रेक खालून सळईनं जोडलेले. मी दाबला की त्याचाही दाबला जातो. बाकी सगळं त्याच्या हातात, तेवढं माझ्या पायात.

* * *

आमच्याकडं आलेला माणूस नाव सांगायच्या आधी फी विचारतो. आमचा मालक श्रीनिवास, अशोक चौकातला, वयानं माझ्या मुलाएवढा, आकडा सांगतो. मग माणूस गाडीकडं बघतो, माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "एवढी? नुसतं चाक फिरवायला?"

श्रीनिवासचं उत्तर ठरलेलं. "साहेब, चाक फुकट हाय. फी मामांच्या पायाची!"

एकदा विजापूर रोडचे एक रिटायर साहेब आले. लायसन्स तरुणपणी काढून ठेवलेलं, गाडी मात्र कधी चालवलेली नाही. आता मुलानं नवी कोरी गाडी घेऊन दिलेली. फी ऐकून त्यांनी थोडा विचार केला.

"असं करा, मला फक्त पुढं जायचं शिकवा. रिव्हर्स नको. तेवढी फी कमी करा."

"मग साहेब, परत कसं येणार?"

"गोल फिरून येईन की! सोलापुरात रस्ते काय कमी आहेत?"

श्रीनिवासला हसू आवरेना. त्यानं खरंच थोडी फी कमी केली. मी साहेबांना दहा दिवस पुढं, पुढं आणि पुढंच नेलं. चांगले शिकले.

दोन महिन्यांनी जुळे सोलापूर भागात एका गल्लीतून चाललो होतो. गल्ली पुढं बंद होती. भिंतीला नाक लावून तीच नवी गाडी उभी, आणि गल्लीतले चार जण तिला पुढून मागं ढकलत होते. साहेब आत ऐटीत चाक धरून बसलेले. मला बघून त्यांनी काच खाली केली.

"मामा, बरं झालं भेटलात. नुसत्या रिव्हर्सची फी किती?"

* * *

माझ्या कामातली एक गोष्ट मी कोणाला सांगत नसे. पहिले काही दिवस शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण चालवतोय. अर्धी मी चालवत असतो. मग रोज थोडा थोडा पाय काढून घेतो. त्याला कळू द्यायचं नाही. कळलं की घाबरतो. आणि शेवटच्या दिवशी, रस्ता मोकळा बघून, मी चप्पल काढतो आणि सीटवर मांडी घालून बसतो. हाच आमच्या स्कूलचा दाखला.

लावण्या म्हणून कॉलेजची मुलगी होती. तिच्या वडिलांचा चादरीचा छोटा कारखाना. वडील रोज मागच्या सीटवर येऊन बसायचे. मुलीनं गिअर टाकला की ते डोळे मिटायचे आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे. सात रस्ता चौकात तर त्यांचा आवाज इतका वाढायचा, की शेजारचे रिक्षावाले आत डोकावून बघायचे.

विसाव्या दिवशी होटगी रोडला मी मांडी घातली. मागून किंकाळी आली.

"मामा! पाय खाली ठेवा! पाय!"

"कशाला?" मी म्हणालो.

"अहो, मग गाडी कोण चालवतंय?"

लावण्यानं समोरची नजर न काढता सांगितलं, "मी, नान्ना. बारा दिवस झाले, मीच चालवतेय."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. "तुला कसं कळलं?"

"मामा, तुम्ही दाबलं की माझ्या पायाखालचं पण खाली जातंय की. आठ दिवसांनंतर ते हललंच नाही."

अठरा वर्षं मी समजत होतो, की माझा पाय कोणाला कळत नाही!  आरशात बघितलं, तर मागं वडिलांचे डोळे उघडे होते. पहिल्यांदाच रस्ता बघत होते बहुतेक.

* * *

या पायाचा त्रास घरच्यांना. एसटीत बसलो तरी वळण आलं की माझा उजवा पाय खाली दाबला जातो. टीव्हीवर ट्रक आला तरी दाबला जातो. एकदा नातीला पाळण्यात झोका देत होतो, झोका जरा उंच गेला तर पाय दाबला!

जेवताना बायको पाण्याचा तांब्या माझ्यापासून हातभर लांब ठेवते. पाहुण्यांनी विचारलं, की शांतपणे सांगते, "त्यांचा ब्रेक लागतो."

* * *

आता सुमनताईंचं सांगतो. त्यांचं थोडं लांबेल.

सुमनताई बुधवार पेठेतल्या. वय पन्नाशीचं. त्या आणि त्यांचे यजमान अंबादास, दोघं मिळून आठवडी बाजारात प्लास्टिकचा माल विकायचे. बादल्या, टब, घमेली, पिंपं. स्वतःचा छोटा टेम्पो. अंबादास चालवायचे, ताई शेजारी बसायच्या. बावीस वर्षं हेच. मग अंबादासना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. नुसतं "हं" म्हणता यायचं. टेम्पो चार महिने दारात उभा होता. थोरले दीर बाबूराव, त्यांनी गिऱ्हाईक बघितलं. बाबूराव तसा माणूस वाईट नव्हता. उभी गाडी गंजते, एवढंच त्याचं म्हणणं. पण गिऱ्हाईक टेम्पो बघायला आलं तेव्हा अंबादासनी भिंतीकडं तोंड केलं, ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आमच्या ऑफिसात आल्या. लर्निंग लायसन्स त्यांनी आधीच काढून आणलं होतं.

"जयभीम, मामा. भाऊजींकडून दीड महिना मागून घेतलाय. तेवढ्यात मला गाडी यायला पायजे. न्हाईतर टेम्पो गेला."

श्रीनिवासनं फी सांगितली. ताईंनी कमी करा म्हटलं नाही. आधीच मोजून पदराच्या गाठीला बांधून आणली होती. बाजारात दिवसभर घासाघीस ऐकणारी बाई, स्वतः मात्र एक शब्द बोलली नाही.

मी म्हणालो, "चला ताई, बसा."

मी माझ्या दारापाशी गेलो. ताईही माझ्या मागोमाग त्याच दारापाशी! मी दार उघडलं, तर त्या आत बसायला लागल्या.

"ताई, इकडं कुठं?"

"ही माझी जागा की, मामा!"

"माझी पण हीच आहे."

एका दारात आम्ही दोघं उभे. ऑफिसातून श्रीनिवास ओरडला, "काय की ओ मामा, दोघं डावीकडं बसल्यावर गाडी काय मी हितनं चालवू?"

* * *

त्याच महिन्यात एक इंजिनिअर पोरगा शिकायला होता. हुशार. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मामा, मी मोबाइलवर चाळीस व्हिडिओ बघितलेत. थिअरी झाली माझी. फक्त चालवायचं राहिलंय."

त्यानं मला क्लचच्या आत काय असतं ते सांगितलं. मी चाळीस वर्षं क्लच दाबतोय, आत काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. खरंच, छान सांगितलं त्यानं.

पार्क चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद पडली. मागून रिक्षा, बस, दुधाची गाडी, सगळ्यांचे हॉर्न सुरू. पोराच्या कानामागून घाम निघाला. माझ्याकडं वळून अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला,

"मामा, व्हिडिओत मागं कोणीच नव्हतं!"

* * *

सुमनताईंना रस्ता शिकवायची गरज नव्हती. कुठं खड्डा, कुठं गतिरोधक, कोणत्या वळणावर जनावरं आडवी येतात, सगळं पाठ. पण डाव्या सीटवरून पाठ. त्यामुळं एक अडचण झाली, ती मी दुसऱ्या कोणाची बघितली नव्हती.

पुढं काही आलं की ताई ब्रेक मारायच्या नाहीत. त्या ओरडायच्या, "अहो, हळू! अहो, सायकल!"

आणि मी ब्रेक मारायचो. माझं कामच ते.

तीन दिवस असंच चाललं. त्या "अहो" म्हणायच्या, गाडी थांबायची. चौथ्या दिवशी त्यांना एका रिकाम्या मैदानावर नेलं. मैदानाच्या कडेला मातीचा ढीग होता. गाडी अगदी हळू, पहिल्या गिअरवर त्याच्याकडं चालली होती. मी पाय ब्रेकवर ठेवला, पण दाबला नाही.

"अहो, हळू," ताई म्हणाल्या.

मी गप्प.

"अहो, ढीग हाय!"

मी गप्प.

"अहो!"

मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. क्षणभर कोण बसलंय ते ओळखूच आलं नसावं. आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी दोन्ही पायांनी जोर लावून ब्रेक दाबला. गाडी धक्का देऊन बंद पडली. ढीग अजून पाच हात लांब होता.

ताईंचे चाकावरचे हात तसेच. मग पदरानं कपाळ पुसून हळूच म्हणाल्या,

"ते न्हाईत व्हय हितं. आता माझं मलाच म्हणायला पायजे."

त्यानंतर ताईंनी कोणाला हाक मारली नाही. ओठ मात्र हलायचे. पुढं बैलगाडी दिसली की ओठ हलायचे आणि पाय ब्रेकवर जायचा. मी बाहेर बघत बसायचो.

विसाव्या दिवशी कंबर तलावाच्या रस्त्यावर मी चप्पल काढली आणि मांडी घातली. ताईंनी एकदा तिरकं बघितलं.

"मामा, पाय दुखाय लागले का काय तुमचे?"

* * *

परीक्षेच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला झाडाखाली उभा होतो. परीक्षेत मला गाडीत बसता येत नाही. ताई एकट्या. तपासणारे साहेब खुर्ची टाकून बसलेले, मान खाली घालून लिहीत होते.

ताईंनी गाडी सुरू केली, सरळ नेली, वळणं घेतली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. गाडी कुठं गचकली नाही. मला वाटलं झालं!

साहेब म्हणाले, "आता रिव्हर्स घ्या, ताई."

ताईंनी गाडी थांबवली. न्यूट्रल केली. हँडब्रेक ओढला. दार उघडलं. खाली उतरल्या. गाडीच्या मागं गेल्या, मागचा रस्ता नीट बघितला, पदर खोचला, आणि डिकीवर हात आपटून मोठ्यानं म्हणाल्या,

"येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!"

गाडीत कोणी नव्हतं.

साहेब खुर्चीतून उठले. "ताई, कोणाला बोलावताय?"

रांगेतली सगळी माणसं हसली. ताई तिथंच उभ्या, हात डिकीवर. बावीस वर्षं टेम्पो मागं घ्यायचा असला की त्याच खाली उतरत होत्या आणि अंबादास तो मागं आणत होते. माझ्यासोबत त्यांनी शंभर वेळा रिव्हर्स घेतला होता, एकदाही चुकल्या नव्हत्या.

साहेब भले होते. हसले नाहीत. पण पास कसं करणार? "सात दिवसांनी पुन्हा या," म्हणाले.

परत येताना ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, "काय झालं हो ताई?"

"मामा, रिव्हर्स म्हणल्यावर मी डावीकडं बघितलं. डावी सीट रिकामी. मला वाटलं, मी खाली उतरलेय."

* * *

टेस्टला तारीख उशिरा मिळाल्यानं दीड महिना संपत आला होता. बाबूरावांनी आणखी दहा दिवस दिले, पण वर एक अट घातली. "नुसतं लायसन्स काढून चालायचं न्हाई. करकंबचा बाजार करून दाखव. माल ने, इक, गाडी मागं लाव, धड घरी आण. मग मी गिऱ्हाईकाला न्हाई म्हणतो."

ताईंनी श्रीनिवासला विचारलं, "आणखी सात दिवसांचं किती हुतंय?"

श्रीनिवासनं बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

"पैसे नको, ताई," तो म्हणाला. "आमची गाडी धुवायची बादली फुटलीय. एक आणून द्या."

"कुटल्या साइजची?"

"मामांना उचलवेल एवढी!"

दुसऱ्या दिवशी लाल बादली आली. झाकणासकट.

ते सात दिवस मी वेगळं शिकवलं. श्रीनिवासच्या चुलत्याचा मोकळा प्लॉट आहे, चारी बाजूंनी कंपाउंड घातलेला. तिथं ताईंना एकटीला गाडीत बसवलं. मी ती लाल बादली पालथी घालून प्लॉटच्या मधोमध तिच्यावर बसलो. ताई माझ्याभोवती गाडी मागं घेत फिरायच्या. डावी सीट रिकामी. पहिल्या दिवशी तीनदा त्यांचा हात दाराच्या कडीकडं गेला. तिसऱ्या दिवशी एकदा. पाचव्या दिवसापासून नाही.

अठरा वर्षांत मी पहिल्यांदाच गाडीबाहेर बसून कोणाला शिकवत होतो. ताईंनी ब्रेक मारला की माझा उजवा पाय मातीत दाबला जायचा. प्लॉटमध्ये बादलीपुढं मोठा खळगा झाला!

दुसऱ्या वेळी ताई पास झाल्या. तेच साहेब होते. रिव्हर्स झाल्यावर त्यांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "आज कोणाला बोलावलं नाहीत, ताई?"

"आज मी आतच हुते, साहेब," ताई म्हणाल्या.

* * *

करकंबच्या बाजाराला ताईंनी मला सोबत नेलं. "पैल्या दिवशी तेवढं या, मामा. बोलू नका, नुसतं बसा."

सकाळी बुधवार पेठेत गेलो तर टेम्पो भरून तयार. माल मागं छतापर्यंत. आणि अंबादासही येणार होते! सहा महिन्यांत दवाखान्याशिवाय माणूस कुठं गेला नव्हता. मी ताईंकडं बघितलं.

"घरी कुणापाशी ठेवू? आणि रस्ता दिसू दे की त्यांना."

पुढं एकच लांब सीट, तिघं मावतात. दोघा शेजाऱ्यांनी अंबादासना उचलून खिडकीपाशी, डाव्या बाजूला बसवलं. उजवा पाय बाहेरच राहिला होता. ताईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत ठेवला, भरलेली बादली ठेवावी तसा. डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "हाताचं बघू म्हणले. पायाचं काय बोलले न्हाईत."

मी मधे बसलो. गिअरला अडचण नको म्हणून माझे दोन्ही पाय डावीकडं, अंबादासच्या पायाशेजारी घेतले. सवयीप्रमाणं चप्पल काढून ठेवली. या टेम्पोत माझ्या बाजूला ना क्लच, ना ब्रेक. नुसता पत्रा.

अंबादास वाटभर समोर बघत होते. गतिरोधक आला की "हं" करायचे.

"दिसलंय, दिसलंय," ताई म्हणायच्या.

पुढं खड्डा. "हं!"

"बावीस वर्षं मी सांगत हुते, तवा ऐकलं का? आता गप बसा!"

अंबादास हसले. तोंड एका बाजूनंच हसलं, पण हसले.

बाजारात बाबूराव आधीच मोटरसायकलवर येऊन उभे होते. हाताची घडी, डोळ्यांवर गॉगल. ताईंची नेहमीची जागा दुकानांच्या दोन पालांच्या मधे होती, टेम्पो मागं घेऊनच लावावा लागायचा.  उतरून मागं उभं राहावं म्हणून मी हललो, तर ताई म्हणाल्या, "तुमी बसा."

त्यांनी मान बाहेर काढली, रिव्हर्स टाकला. तेवढ्यात शेजारच्या पालातली बांगड्यांची मावशी धावत आली. तिनं टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर बांगड्या भरलेला हात आपटला.

"येऊ दे! येऊ दे सुमन! येऊ दे, अजून ये! बास!"

टेम्पो दोन पालांच्या मधे, जसा खोक्यात खोका बसावा तसा बसला. मावशीनं मागून येऊन ताईंच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि अंबादासना म्हणाली, "दादा, तुमच्यापेक्षा सरळ लावलीय बघा!"

बाबूरावांनी टेम्पोभोवती एक चक्कर मारली. कुठं घासलंय का ते वाकून बघितलं. मग गॉगल काढला, खिशातून मोबाइल काढला आणि आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात बोलले,

"गाडी द्यायची न्हाई ओ. व्हय, व्हय, न्हाई द्यायची. गाडीला डायवर हाय."

अंबादासनी डाव्या हातानं डोळे पुसले. ताई माल उतरवायला लागल्या. बाजाराला उशीर झाला होता.

* * *

परतीला टेम्पो मोकळा होता, ऊन कललं होतं. राहिलेल्या चार बादल्या मागं एकमेकींवर आपटत होत्या. ताई आता गिअर बदलताना खाली बघत नव्हत्या. अंबादास "हं" म्हणायचे थांबले होते. मला डुलकी लागत होती.

मोहोळच्या अलीकडं, एका वस्तीजवळ, उसातून एक शेळी एकदम रस्त्यावर आली. मागं तिची दोन करडं.

माझा उजवा पाय खाली दाबला गेला. तिथं नुसता पत्रा. पण टेम्पो थांबला होता. जागच्या जागी, बंदसुद्धा न पडता. शेळीनं आमच्याकडं बघितलं आणि करडांना घेऊन सावकाश पलीकडं गेली.

"बघितलं का मामा!" ताई हसून म्हणाल्या. "आज तुमच्या पायाला काय बी काम न्हाई!"

पण माझ्या डाव्या पायावर वजन आलं होतं. मी खाली बघितलं. अंबादासचा उजवा पाय सकाळी ठेवला होता तिथं नव्हता. तो वीतभर सरकून माझ्या पंजावर आला होता आणि दाबत होता. टेम्पो थांबला, शेळी गेली, तरी दाबत होता. अंबादास मात्र समोर रस्त्याकडंच बघत होते. त्यांना काही पत्ताच नव्हता.

"काय झालं, मामा? कुटं लागलं का?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "मागं कोणी नाही. थोडं पुढं घ्या, आणि आणखी एकदा ब्रेक मारा."